इसब : वारसा, त्वचा आणि प्रतिकारशक्ती

लहान मुलाच्या गालावर, कोपराच्या खळीत किंवा गुडघ्यामागच्या लवणीत त्वचा कोरडी पडून खरखरीत होते. तिला खाज सुटते. बारीक पुटकुळ्या उठतात. खाजविल्याने त्या फुटून पाणी पाझरते व त्यावर खपली धरते. काही आठवडे आराम पडतो न पडतो तोच त्याच जागी पुन्हा खाज सुरू होते. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे तेथील त्वचा जाड व सुरकुतलेली बनते. ह्या विकारास मराठीत इसब म्हणतात. सावळ्या त्वचेवर तो लालसर न दिसता पुष्कळदा काळपट किंवा करड्या छटेचा दिसतो. त्यामुळे त्याची तीव्रता पाहणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही.

इसबाने सहसा जीवास धोका पोचत नाही. परंतु तो झोप मात्र हिरावून नेतो. खाज रात्री वाढते. मूल रात्रभर तळमळते, त्याच्याबरोबर आईही जागते, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत पेंगत बसते. त्यातच बाकावर शेजारी बसणारी मुले दूर सरकतात. कारण हा रोग आपल्यास लागेल, असे त्यांना घरून सांगितलेले असते. रोगी मुलाच्या घरातही दोन प्रश्न विचारले जातात : हे कोणापासून लागले? आणि आईने काय खाल्ले म्हणून झाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निश्चित आहे. इसब संसर्गजन्य नाही. खरूज एका अतिसूक्ष्म किडीमुळे होते आणि गजकर्ण एका बुरशीमुळे. ती एकापासून दुसऱ्यास लागतात. इसब तसा लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मात्र शास्त्रज्ञांना जवळजवळ एक शतक लागले. दोष आईच्या ताटात नसून अन्यत्र आहे, असे त्या शोधांती दिसून आले. तो कोठे आहे आणि तेथे तो कसा सापडला, हे सांगणे हा ह्या पुस्तिकेचा हेतू आहे.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. इसब ह्या एका नावाखाली अनेक विकार मोडतात. सिमेंट, विशिष्ट धातू, तीव्र साबण किंवा रसायने ह्यांच्या स्पर्शाने होणारा इसब निराळा. येथे विचार करावयाचा आहे तो बालपणी सुरू होणाऱ्या व घराण्यात चालत येणाऱ्या इसबाचा. बहुतेक रुग्णांत तो वयाच्या पाच वर्षांच्या आतच प्रकट होतो. काही औद्योगिक देशांत दर पाच मुलांमागे सुमारे एकास तो होतो. पुष्कळ मुलांत वयाबरोबर तो ओसरतो. काहींची मात्र तो आयुष्यभर सोबत करतो.

त्वचेची भिंत

त्वचेचे मुख्य कार्य शरीराच्या आतले पाणी आत व बाहेरचे जग बाहेर ठेवणे हे होय. हे काम तिचा सर्वांत वरचा थर करतो. त्यास शृंगस्तर म्हणतात. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच, म्हणजे कागदाहूनही कमी असते. हा स्तर मृत व चपट्या पेशींच्या पंधरा-वीस थरांचा बनलेला असतो. विटा आणि त्यांना सांधणारा चुना अशी त्याची रचना सांगता येईल. चपट्या पेशी ह्या विटा. त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात, वर वर सरकत जातात, वाटेत चपट्या होऊन मरतात आणि अखेर कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. ह्या प्रवासास सुमारे चार आठवडे लागतात. त्वचेची भिंत अशी नित्य ढासळत व नित्य नव्याने बांधली जात असते.

इसबाच्या रुग्णाची त्वचा, जेथे पुरळ नाही अशा ठिकाणीही, प्रमाणाबाहेर कोरडी असते व तीमधून पाणी अधिक वेगाने उडून जाते. ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु कोरडेपणा हा रोगाचा परिणाम आहे, असेच बहुतेकांनी मानले. रोगाचे मूळ रक्तात आहे, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत निराधार नव्हती. तिला बळकटी देणारा एक प्रसिद्ध प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला.

माशाचे वावडे

त्या काळी जर्मनीत असलेल्या व आता पोलंडमध्ये व्रॉट्सवाफ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेस्लाउ शहरात कार्ल प्राउस्नित्स आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोघे वैद्य काम करीत होते. क्यूस्टनर ह्यांना शिजविलेला मासा अजिबात चालत नसे. तो खाल्ला की त्यांच्या अंगावर गांधी उठत. अशा प्रवृत्तीस मराठीत वावडे हा जुना व नेमका शब्द आहे. वैद्यकात तिला अधिहर्षता किंवा ॲलर्जी म्हणतात. प्राउस्नित्स ह्यांना माशाचे वावडे नव्हते. १९२१ साली त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला तो असा : क्यूस्टनर ह्यांच्या रक्तातील रक्तरसाचा अल्प अंश प्राउस्नित्स ह्यांच्या पोटाच्या त्वचेत टोचण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे लाल गांध उठली. शेजारच्या, रक्तरस न टोचलेल्या त्वचेवर काहीही झाले नाही.

एका माणसाचे वावडे दुसऱ्या माणसाच्या त्वचेत नेता येते, हे ह्या प्रयोगाने सिद्ध झाले. म्हणजेच वावडे ही केवळ मनाची कल्पना नव्हे. रक्तात असलेल्या कोणत्या तरी पदार्थाचे ते कार्य होय. तो पदार्थ कोणता हे मात्र पुढची पंचेचाळीस वर्षे कळले नाही.

घराण्याचा वारसा

१९२३ साली आर्थर कोका व रॉबर्ट कुक ह्या अमेरिकन वैद्यांनी एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. दमा आणि परागकणांमुळे येणारी शिंकांची व्याधी, म्हणजे परागज ज्वर, ही दोन्ही काही विशिष्ट घराण्यांत वारंवार आढळतात. एका भावास दमा, तर दुसऱ्यास परागज ज्वर, असे दिसते. ह्या वंशगत प्रवृत्तीस नाव हवे म्हणून त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील भाषापंडित एडवर्ड पेरी ह्यांचा सल्ला घेतला आणि ग्रीक भाषेतून ॲटोपी हा शब्द घडविला. चमत्कारिक, स्थानभ्रष्ट, असा त्याच्या मूळ शब्दाचा भाव आहे. १९३३ साली फ्रेड वाइझ व मॅरियन सल्झबर्गर ह्यांनी बालपणीच्या इसबासही ह्याच कुटुंबात स्थान दिले व त्याचे ॲटोपिक त्वचाशोथ असे नामकरण केले. आजही वैद्यकात हेच नाव चालते.

एखादी गोष्ट घराण्यात वारंवार आढळते एवढ्यावरून ती आनुवंशिक आहे असे ठरत नाही. एका घरातील माणसांचे अन्न, हवा व राहणीही एकच असते. वारसा आणि परिस्थिती ह्यांचे वाटे वेगळे करण्यासाठी जुळ्या भावंडांचा अभ्यास उपयोगी पडतो. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ सर्वस्वी सारखा असतो. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत तो इतर सख्ख्या भावंडांइतकाच सारखा असतो. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची नोंद पद्धतशीर ठेवली जाते. तेथील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांतील निदान एकास इसब आहे अशा एकबीज जुळ्यांच्या जोड्यांपैकी ७२ टक्के जोड्यांत तो दोघांसही असल्याचे आढळले. द्विबीज जुळ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते.

ह्या दोन आकड्यांत पुष्कळ अर्थ भरलेला आहे. ७२ आणि २३ ह्यांमधील अंतर वारशाचे बळ दाखविते. परंतु ७२ म्हणजे १०० नव्हे. हुबेहूब सारखा वारसा लाभलेल्या काही भावंडांत एकास इसब होतो आणि दुसरे निरोगी राहते. वारसा हा रोग देत नाही. तो रोगाकडे असलेला कल देतो.

शरीराचे पहारेकरी

प्राउस्नित्स व क्यूस्टनर ह्यांच्या गूढ पदार्थाचा छडा १९६६ साली लागला. किमिशिगे इशिझाका व तेरुको इशिझाका ह्या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे तो वेगळा काढण्यात यश मिळविले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नर योहान्सन व हान्स बेन्निख हे स्वतंत्र मार्गाने त्याच पदार्थापाशी पोचले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास इम्युनोग्लोब्युलिन ई, संक्षेपाने आयजीई, असे नाव दिले.

आयजीई हे एक प्रतिपिंड आहे. शरीरात परका पदार्थ शिरला म्हणजे त्याला ओळखून धरणारी जी विशिष्ट प्रथिने रक्तात निर्माण होतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आयजीईची रक्तातील मात्रा इतर प्रतिपिंडांच्या मानाने अत्यल्प असते. जंतांसारख्या परोपजीवींशी झुंजण्यासाठी हे शस्त्र उपयोगी पडते, असे मानले जाते. त्वचेत व श्वासमार्गात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. आयजीई त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसते. ओळखीचा पदार्थ तेथे आला की ह्या पेशी हिस्टामीन आदी द्रव्ये सोडतात, आणि गांध, सूज व खाज निर्माण होते. वावड्याची यंत्रणा ती हीच.

आयजीई किती निर्माण करावयाचे, हे ठरविणाऱ्या पेशी निराळ्या आहेत. त्या श्वेत पेशींपैकी असून त्यांस साहाय्यक टी पेशी म्हणतात. प्रतिकारयंत्रणेतील हे जणू नाईक होत. ते स्वतः लढण्यापेक्षा इतरांस हुकूम देतात. १९८६ साली टिमोथी मॉसमन व रॉबर्ट कॉफमन ह्यांनी उंदरांवरील संशोधनातून दाखवून दिले की, ह्या नाईकांचे निदान दोन गट आहेत. पहिल्या गटाचे हुकूम मुख्यतः पेशींच्या आत शिरलेल्या जंतूंविरुद्ध असतात. दुसऱ्या गटाचे हुकूम आयजीई वाढविणारे असतात. हे हुकूम रासायनिक असतात व त्यांस इंटरल्यूकिन असे नाव असून प्रत्येकास क्रमांक दिलेला आहे. इसबाच्या रुग्णाच्या त्वचेत दुसऱ्या गटाचे प्राबल्य असते. त्याच्या हुकुमांपैकी चौथा व तेरावा हे दाह चेतवितात. एकतिसावा थेट मज्जातंतूंवर परिणाम करून खाज उत्पन्न करतो. इसबाच्या खाजेवर हिस्टामीनविरोधी गोळ्यांचा फारसा परिणाम का होत नाही, ह्याचे उत्तर येथे मिळते : ती खाज बव्हंशी हिस्टामीनची नसतेच.

येथवरच्या शोधांवरून रोगाचे मूळ पहारेकऱ्यांच्या चुकीत आहे, हे मत दृढ झाले. तरी एक अडचण राहून गेली होती. इसबाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाच्या रक्तात आयजीईचे प्रमाण नेहमीइतकेच असते, आणि तरीही त्यास इसब असतो. रक्तातील दोष हेच एकमेव मूळ असते तर असे होते ना.

डंडी येथील शोध

२००६ साली ह्या विचारास मोठी कलाटणी मिळाली. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन व त्यांचे सहकारी इसबाचा नव्हे, तर एका दुसऱ्याच त्वचाविकाराचा अभ्यास करीत होते. इक्थिऑसिस व्हल्गॅरिस ह्या विकारात त्वचा इतकी कोरडी होते की ती माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाशी ह्या विकाराचा संबंध असावा, असा संशय होता.

फिलॅग्रिनचे काम दुहेरी आहे. शृंगस्तर बनण्याच्या वेळी ते पेशीतील तंतू एकत्र आवळून तिला चपटी करते. म्हणजे वीट घडविते. हे झाल्यावर त्याचे स्वतःचे विघटन होते आणि त्यातून जी लहान द्रव्ये निर्माण होतात ती पाणी धरून ठेवतात व त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल राखतात. ह्या आम्लतेमुळे उपद्रवी जंतूंची वाढ रोखली जाते. हे प्रथिन बनविण्याची आज्ञा पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकात जवळजवळ सारखाच मजकूर दहा ते बारा वेळा लागोपाठ आलेला आहे. त्यामुळे तो नेमका वाचणे फार कठीण होते. मॅक्लीन ह्यांच्या गटाने तो वाचला, आणि इक्थिऑसिसच्या रुग्णांत त्या मजकुरात अशा चुका आढळल्या की, त्यांमुळे प्रथिनाची निर्मिती मध्येच थांबत होती.

ह्या रुग्णांपैकी आणि त्यांच्या नातलगांपैकी पुष्कळांना इसबही होता. म्हणून डब्लिनमधील त्वचारोगतज्ज्ञ ॲलन अर्व्हिन आदींच्या सहकार्याने इसबाच्या रुग्णांचे जनुक तपासण्यात आले. त्यांतही त्याच चुका वारंवार सापडल्या. युरोपीय वंशाच्या दर दहा-अकरा माणसांमागे सुमारे एकाजवळ फिलॅग्रिनच्या जनुकाची एक सदोष प्रत असते, आणि अशा माणसास इसब होण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. पुढे जपान व आशियातील इतर देशांतील रुग्णांतही ह्या जनुकात चुका आढळल्या; मात्र त्या बहुधा वेगळ्या जागी होत्या. प्रत्येक लोकसमूहात चुका निराळ्या असल्या, तरी त्यांचा परिणाम एकच होता : भिंत कच्ची राहणे.

फिलॅग्रिन रक्तात नसते. ते त्वचेच्या वरच्या थरांत असते. ज्या कोरडेपणास रोगाचा परिणाम मानले जात होते तो पुष्कळ रुग्णांत रोगाचा आरंभ होता, हे ह्या शोधाने स्पष्ट झाले.

भिंत आणि पहारेकरी

मग सगळा दोष भिंतीचाच म्हणावा काय? तसेही नाही. सदोष प्रत बाळगणाऱ्या पुष्कळ माणसांना इसब कधीच होत नाही. आणि इसब झालेल्या पुष्कळ माणसांचे फिलॅग्रिन जनुक अगदी निर्दोष असते. २०१५ साली वीस हजारांहून अधिक रुग्ण व त्यांच्या कित्येक पट निरोगी माणसे ह्यांच्या वारशाची तुलना प्रसिद्ध झाली. तोपर्यंत इसबाशी संबंध असलेल्या जनुकीय स्थानांची संख्या एकतीस झाली होती. त्यांपैकी काही भिंतीच्या बांधणीशी संबंधित आहेत, तर पुष्कळ प्रतिकारयंत्रणेशी. चौथ्या व तेराव्या इंटरल्यूकिनांचे जनुक जेथे शेजारी शेजारी आहेत ते पाचव्या गुणसूत्रावरील स्थानही त्यांत आहे. म्हणजे कोणास कच्ची भिंत वारशाने मिळते, कोणास उतावळे पहारेकरी, आणि कोणास दोन्ही.

ह्या दोहोंचे नाते एखाद्या चक्रासारखे आहे. भिंतीत फट असली की परागकण, धुळीतील सूक्ष्म किडींचे अंश, साबण व जंतू आत शिरतात. धोक्याची सूचना मिळताच दुसऱ्या गटाच्या टी पेशी तेथे गोळा होतात आणि चौथा व तेरावा इंटरल्यूकिन सोडतात. हीच दोन द्रव्ये त्वचेतील पेशींना फिलॅग्रिन कमी बनविण्यास भाग पाडतात, हे २००७ साली दिसून आले. परिणामी ज्याचे जनुक निर्दोष आहे त्याचीही भिंत कमकुवत होते. एकतिसाव्या इंटरल्यूकिनमुळे खाज सुटते, नखांनी भिंतीचे आणखी पोपडे निघतात, फट रुंदावते. इसबाच्या व्रणांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू सुमारे ७० टक्के रुग्णांत वस्ती करून असतो व त्याची विषे दाहात भर घालतात. अशा प्रकारे भिंत पहारेकऱ्यांना चेतविते आणि पहारेकरी भिंत पाडतात. आरंभ कोठूनही झाला, तरी चक्र एकदा फिरू लागले की दोन्ही दोष एकमेकांस पोसतात.

ह्या ज्ञानामुळे एका जुन्या भयाचेही निरसन होते. इसब औषधाने दाबला तर तो आत जातो व दमा उठतो, असे पुष्कळ ठिकाणी मानतात. इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो हे खरे. परंतु त्याचे कारण औषध नव्हे. कच्च्या त्वचेतून शिरलेल्या पदार्थांची प्रतिकारयंत्रणेला झालेली चुकीची ओळख आणि दोन्ही विकारांना समान असलेला वारसा, ही त्याची कारणे होत. रोग आत जात नाही. बाहेरचे पदार्थ मात्र आत जातात.

भुईमुगाचा धडा

प्रतिकारयंत्रणेला एखाद्या पदार्थाची ओळख पोटातून झाली तर ती बहुधा त्यास मित्र मानते. सुजलेल्या त्वचेतून झाली तर शत्रू मानण्याचा संभव वाढतो. हा विचार लंडनमधील बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक ह्यांनी मांडला. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या त्वचेस लावण्याच्या काही मलमांत भुईमुगाचे तेल असे. अशी मलमे सुजलेल्या त्वचेवर लावली गेलेल्या मुलांत पुढे शेंगदाण्याचे वावडे अधिक आढळते, असे त्यांच्या गटाने २००३ साली दाखविले. पाच वर्षांनी त्यांनी आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होते. इस्राएलमध्ये मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ देतात. ब्रिटनमध्ये तो कटाक्षाने टाळला जात असे.

ह्यावरून योजलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली बाहेर आले. तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली, चार ते अकरा महिने वयाची ६४० मुले निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटास शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले. दुसऱ्यास पाच वर्षे ते वर्ज्य केले. पाचव्या वर्षी वर्ज्य करणाऱ्या गटातील १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याचे वावडे जडले होते. खाणाऱ्या गटात ते केवळ ३.२ टक्के मुलांना होते. टाळण्याने जे टळेल असे वाटत होते तेच टाळण्याने ओढवत होते. अर्थात हा प्रयोग वैद्यांच्या देखरेखीखाली झाला होता. तीव्र इसब असलेल्या बालकास असे पदार्थ प्रथम देताना वैद्याचा सल्ला आवश्यक आहे, आणि अख्खे शेंगदाणे तर लहान मुलास कधीच देऊ नयेत. ते घशात अडकतात.

आईच्या पथ्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने दूध, अंडी आदी वर्ज्य केल्याने मुलाचा इसब टळतो, असे परीक्षणांत दिसून आलेले नाही. काही बालकांत, विशेषतः इसब तीव्र असताना, विशिष्ट अन्नाचे वावडे खरोखरच असते. परंतु ते तपासणीने ठरवावे लागते. केवळ संशयावरून दूध, डाळी व अंडी बंद केल्यास इसब तसाच राहतो आणि मुलाची वाढ मात्र खुंटते.

उपचारांची दिशा

भिंत कच्ची असल्यास तिला बाहेरून लेप द्यावा, ही कल्पना साहजिक आहे. आणि झालेल्या इसबात ती उपयुक्तही ठरते. कोमट पाण्याने अल्पकाळ स्नान, सौम्य साबणाचा बेताने वापर, अंग ओलसर असतानाच स्निग्ध मलम लावणे, सुती कपडे व कापलेली नखे ह्या साध्या गोष्टींनी चक्राची गती मंदावते. मात्र रोग होण्यापूर्वीच लेप दिल्याने तो टळतो काय, ह्याचे उत्तर नकारार्थी आले. ब्रिटनमध्ये घराण्यात ॲटोपी असलेल्या १,३९४ नवजात बालकांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज मलम लावलेल्या गटात दोन वर्षांच्या वयात २३ टक्के मुलांना इसब होता. न लावलेल्या गटात २५ टक्के मुलांना. हा फरक नगण्य होय. युक्तिवाद कितीही सुसंगत असला, तरी त्यास प्रयोगाची कसोटी लावावीच लागते, हे ह्यावरून दिसते.

पहारेकऱ्यांना शांत करणाऱ्या औषधांचा इतिहास १९५२ पासून सुरू होतो. इसबाचे नामकरण करणाऱ्या सल्झबर्गर ह्यांनीच त्या वर्षी व्हिक्टर विटेन ह्यांच्यासह हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेस लावल्याने इसबाचा दाह शमतो हे दाखविले. योग्य तीव्रतेचे स्टेरॉइड, योग्य जागी व योग्य मुदतीपर्यंत वापरल्यास आजही तेच प्रमुख औषध आहे. परंतु भारतात तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीवाचून सर्रास विकली गेली. इसब समजून ती गजकर्णावर चोळली की खाज तात्पुरती थांबते व बुरशी मात्र पसरते. दीर्घ वापराने त्वचा पातळ पडते. २०१८ साली भारत सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा नियम केला. औषध वाईट नाही. निदानाविना त्याचा वापर वाईट.

चक्राच्या ज्ञानाचा सर्वांत प्रत्यक्ष लाभ २०१७ साली दिसला. त्या वर्षी अमेरिकेत प्रौढांच्या इसबासाठी डुपिलुमॅब ह्या औषधास मान्यता मिळाली. चौथा व तेरावा इंटरल्यूकिन पेशीवरील ज्या एका कुलपातून आपला हुकूम आत पोचवितात, ते कुलूप हे औषध बंद करते. हुकूम थांबताच दाह ओसरतो आणि त्वचा आपली भिंत पुन्हा बांधू लागते. एकतिसाव्या इंटरल्यूकिनचा मार्ग अडविणारे औषध जपानने २०२२ साली मान्य केले. ही औषधे महाग आहेत, टोचावी लागतात, आणि तीव्र रुग्णांसाठीच राखून ठेवावी लागतात.

वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे

वारसा बदलता येत नाही, हे खरे. परंतु गेल्या काही पिढ्यांत अनेक देशांत ॲटोपीचे विकार वाढले, आणि इतक्या थोड्या काळात माणसाचे जनुक बदललेले नाहीत. बदलली ती परिस्थिती. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन ह्यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठी भावंडे पुष्कळ असलेल्या मुलांत परागज ज्वर कमी असल्याचे त्यांना आढळले. बालपणी सौम्य संसर्गांशी ओळख झालेली प्रतिकारयंत्रणा अधिक समंजस होत असावी, असे त्यांनी सुचविले. ह्या विचाराचा तपशील पुढे बराच बदलला आहे व त्याचा अर्थ अस्वच्छ राहावे असा मुळीच नाही. परंतु वारशाने मिळालेला कल प्रत्यक्ष रोगात उतरतो की नाही, हे हवा, पाणी, राहणी व सभोवतालचे जंतुजीवन ह्यांवरही अवलंबून असते, एवढे त्यातून निश्चित होते.

इसब हा कोणाच्या अपथ्याचा, अस्वच्छतेचा किंवा पूर्वकर्माचा दंड नव्हे. पहिल्या गुणसूत्रावरील एखाद्या अक्षराची चूक, काही टी पेशींचा उतावळेपणा आणि आसपासच्या परिस्थितीचा धक्का ह्यांच्या संगमातून तो उद्‌भवतो. ह्यांपैकी एकही गोष्ट आईने निवडलेली नसते, मुलाने तर नसतेच. आणि ह्यांपैकी एकही गोष्ट बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलास लागू शकत नाही. हे शिक्षकाने वर्गात एकदा समजावून सांगितले, तर इसब असलेल्या मुलाच्या शेजारची जागा रिकामी राहण्याचे काही कारण उरणार नाही.